ठक

मृगाचा पाऊस पडून गेला, रानाला वाफसा आला आणि नेमका त्याच सकाळी आमच्या ट्रॅक्टरने दावा मांडला. बटण दाबले की आतून एकच आवाज यायचा, 'ठक'. पुढे काही नाही.

ट्रॅक्टर एचएमटीचा, पंचवीस अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा. झेटर या चेक बनावटीच्या धर्तीवर हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यातून १९७१ पासून असे ट्रॅक्टर निघू लागले, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्याचे ठरवले. कारखाना मिटला, पण तामसीच्या काळ्या रानात आमचा गडी वखर ओढतच होता. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, तो जुनाच विकत घेतला होता.

"दादा, आता भंगारवाल्याला बोलावतो," धाकटा म्हणाला. दादा काही बोलले नाहीत. उपरण्याचे टोक तेवढे बोटाला गुंडाळत बसले.

मी गावाबाहेरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने ट्रॅक्टर न पाहताच निदान केले: बॅटरी गेली. नवी आणली, बसवली, बटण दाबले. 'ठक'! बियाण्याचे पैसे त्या बॅटरीत गेले, आणि त्या आवाजाला हेच नाव का, ते मला तेव्हा कळले.

संध्याकाळी दादा ओट्यावरून म्हणाले, "दिवा लाव अन् बटण दाब. मला दिसत नाही. तू सांग, दिवा मालवतो का तसाच जळतो?"

"मालवल्यागत होतो."

"मग वीज पोचते रे. तसाच जळला असता तर वायर, बटण, अर्थिंग बघायचं. बॅटरी नवी, वीज पोचते, तरी सेल्फ फिरत नाही. म्हणजे दात अडकलेत."

पैनगंगेच्या या तीरावर शाळा तेलुगूत आणि घर मराठीत. १९५६ साली आंध्रात गेलो, २०१४ साली तेलंगणात आलो. पण सेल्फ, रिंग, पिनियन ही नावे नदीच्या दोन्ही अंगांना सारखीच. सेल्फचे छोटे दातेरी चाक म्हणजे पिनियन. ते पुढे सरकून फ्लायव्हीलच्या रिंगेत शिरते, इंजिन फिरवते आणि इंजिन लागले की मागे येते. दात झिजले की ते वाकडे शिरते आणि रुतून बसते.

दादांनी आधी बॅटरीची तार सोडवली. डिझेल बंद करणारी दांडी ओढून ठेवायला लावली. "इंजिन लागलं तर माणूस चाकाखाली जातो," एवढेच म्हणाले. मग वरचा गिअर टाकला आणि आम्ही दोघा भावांनी ट्रॅक्टर मागे रेटला. तिसऱ्या हिसक्याला आतून 'टक' असा हलका आवाज आला. दादांच्या तोंडावर प्रथमच हसू उमटले.

सेल्फ उतरवून पाहिला, तर पिनियनच्या दातांवर कंगोरे चढलेले. ते कानशीने घासले, दांडा डिझेलने धुतला. ग्रीस लावायला मी सरसावलो, तर दादांनी हात धरला. ग्रीसला धूळ चिकटते आणि पिनियन पुन्हा अडतो. खरा रोग मात्र रिंगेत होता. बंद होताना इंजिन दर वेळी एक-दोन ठराविक जागीच थांबते, म्हणून सेल्फचा घाव त्याच दातांवर बसतो. बाकीचे दात शाबूत असतात. रिंग तापवून काढायची आणि उलटी करून बसवायची. पण त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडावा लागतो. ते काम कापूस निघाल्यावर.

दुसऱ्या दिवशी वखरपाळी झाली. भंगारवाला आला, चहा पिऊन गेला. धाकटा त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला आणि परतताना ट्रॅक्टर पुसू लागला.

रोज दिवेलागणीला दादा अजूनही विचारतात, "उतारावर लावलास का रे?" उतारावर लावला की सेल्फ नाही लागला तरी गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन धरते.

"लावला, दादा."

"अन् चाकाला दगड?"

मी बॅटरी घेऊन दगड शोधायला जातो. नवी नव्हे, टॉर्चची.