माळावरचा लांडगा

इंदापूर तालुक्यात शेळगाव, कडबनवाडीच्या बाजूला अजून थोडा गवताळ माळ टिकून आहे. पाऊस बेताचा, माती उथळ, खाली लगेच मुरूम. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं अशाच जमिनीत तग धरतात. त्यांच्या आसऱ्याने चिंकारा, ससे आणि खोकड राहतात, आणि या सगळ्यांच्या वरचा शिकारी म्हणजे भारतीय लांडगा. लांडग्यांच्या अतिशय जुन्या वंशशाखांपैकी ही एक, असं २०२१ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. देशात आज सुमारे ३,००० लांडगे उरले असावेत, वाघांहूनही कमी.

वाघासारखं राखीव रान मात्र इथे त्याच्या वाट्याला आलेलं नाही. एका कळपाला वावरायला शे-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. त्यामुळे लांडगा वस्त्या, शेतं आणि रस्ते यांच्या मधूनच वाट काढतो. हिवाळ्यात मादी ओढ्याच्या दरडीत बीळ धरते. चार-पाच पिल्लं, डोळे मिटलेली. नर दूरवरून पोटात मांस घेऊन येतो आणि बिळापाशी ओकून तिला देतो. आसपास माणसांची वर्दळ वाढली, की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून रातोरात दुसरीकडे हलवते. हलवायला जागाच कमी होत चालली आहे, हे खरं संकट.

माळाला सरकारदरबारी पडीक म्हणतात आणि तिथूनच त्याचा घात सुरू होतो. कालव्याच्या पाण्यावर ऊस पसरला, कारखाने आले, मुरूम उपसला गेला, प्लॉट पडले. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे हिरवाईच्या सद्हेतूनेही गवतात चर खोदून गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. उघड्या माळावर जगणाऱ्या जिवांना अशी दाटी मानवत नाही.

धनगरांचं लांडग्याशी वैर आहे, पण ओळखही जुनी आहे. रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडून, कुत्री राखणीला ठेवून ते झोपतात. तरी एखादं कोकरू जातंच. भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत मेंढरांचा वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो. अशा माणसांनी लांडगा सोसला, हे विसरता येत नाही.

आताचा मोठा धोका भटक्या कुत्र्यांचा. उकिरड्यांवर आणि टाकलेल्या कोंबड्यांवर त्यांची संख्या वाढते. त्यांच्यापासून रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांत शिरतो. एक साथ अख्खा कळप संपवू शकते. शिवाय पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. म्हणून कुत्र्यांचं लसीकरण, निर्बीजीकरण आणि गावाबाहेरच्या कचऱ्याची विल्हेवाट ही इथे लांडगा राखण्याचीच कामं ठरतात.