बारगीर आणि शिलेदार

आमच्या पिढीत मुलगी द्यावयाची झाली म्हणजे वधूपिता पहिला प्रश्न करी तो हा, की "नोकरी कायमची आहे ना?" पगाराची चौकशी त्यामागून, आणि तीही किंचित संकोचाने. ज्याने दहा वर्षांत तीन धनी केले त्याच्याविषयी लोक फारसे बरे बोलत नसत. एक तर त्याचे कोठे पटत नाही, नाही तर त्याला कोणी ठेवून घेत नाही, असा तर्क होई. हल्लीच्या संगणक-अभियंत्यांत ही रीत अगदी उलटी झाली आहे. सहा वर्षे एकाच कंपनीत राहिलेल्या तरुणास त्याचे सोबती विचारतात, "अजून तिथेच?" आणि ह्या दोन शब्दांत कीव असते.

आमच्या पुतण्यास हा प्रश्न विचारला गेला, व त्याने तो आणून आमच्यापुढे ठेवला. मुलगा अणदूरचाच. येथल्याच शाळेत शिकला, पुढे पुण्यास अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि हैदराबादेस एका बलाढ्य अमेरिकन कंपनीत लागला. तितक्याच बलाढ्य दुसऱ्या एका कंपनीने त्याला बंगळुरास बोलाविले होते. नावांचे प्रयोजन नाही. पहिलीस थोरली म्हणू, दुसरीस धाकटी. "काका, जाऊ की राहू?" एवढाच त्याचा प्रश्न. अठ्ठावीस वर्षे एकाच महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाने ह्याचे उत्तर द्यावे ही अपेक्षाच मुळी विनोदी आहे. परंतु चुलत्याचे नाते असे आहे की अधिकार नसतानाही बोलावे लागते.

वास्तविक आमच्या गावास ह्या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसले आहे. एका हातास पुणे, दुसऱ्या हातास हैदराबाद, आणि शिकलेली मुले बहुधा ह्याच दोन दिशांनी जातात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हैदराबादेची वाट जुनीच आहे. पूर्वी उर्दू शिकून जात, आता जावा शिकून जातात, इतकाच फरक. आणि खुद्द आमचे दैवत? खंडोबाची मूर्ती एक, देवळे दोन. सव्वादहा महिने देव अणदुरास, पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गास, मैलारपुरात. मुक्काम हलविण्यापूर्वी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. कराराने ठिकाण बदलणारा देव ज्या गावाने पिढ्यानपिढ्या पाहिला, त्याने माणसाच्या नोकरीबदलास नाक मुरडू नये. देवाला बढतीची काळजी नसते, हा भेद आहेच.

प्रथम आम्ही पैशाचा भाग समजून घेतला. तो समजल्यावाचून पुढचे बोलणे पोकळ. ह्या कंपन्यांत मोबदल्याचा मोठा भाग समभागांच्या रूपाने मिळतो, आणि तो बहुधा चार वर्षांत विभागून हाती पडतो. अमेझॉनमध्ये पुष्कळ काळ अशी वाटणी होती की पहिल्या वर्षी शंभरांतले पाच, दुसऱ्या वर्षी पंधरा, आणि उरलेले ऐंशी तिसऱ्या-चौथ्या वर्षांत. मध्येच उठलात तर न पिकलेले समभाग बुडाले. नवी कंपनी ती खोट रोख रकमेने भरून देते. पण वर्षाच्या आत सोडल्यास रक्कम परत करावी, अशी अट बहुधा असतेच. चार वर्षे सरली म्हणजे पहिले देणे संपते, पुढचे देणे पहिल्याइतके भरघोस क्वचितच असते, आणि उत्पन्न खाली येते. म्हणून ह्या सुमारास पुष्कळजण बिऱ्हाड बांधू लागतात. पुतण्याचे सहावे चालू होते. बुडावयाचे थोडे, मिळावयाचे पुष्कळ. पैशाचे उत्तर सरळ होते, व ते सांगण्यास चुलत्याची गरज नव्हती.

त्याला विचारावयाचे होते ते वाढीचे, आणि येथे गोष्ट इतकी सरळ नाही. पायऱ्यांच्या आकड्यांवर तर मुळीच जाऊ नये. गुगलमध्ये पाचवी पायरी म्हणजे सीनिअर अभियंता. अमेझॉनमध्ये पाचवी म्हणजे त्याच्या खालचा. मायक्रोसॉफ्टमध्ये सीनिअर म्हणजे त्रेसष्ट! बढतीची तऱ्हा मात्र थोड्याफार फरकाने सारखीच. वरच्या पायरीचे काम आधी करून दाखवावे, आणि वरिष्ठाने व सोबत्यांनी त्याची साक्ष द्यावी. काम जितके महत्त्वाचे तितकीच साक्षही. कंपनी बदलली की हे साक्षीदार मागे राहतात, आणि नव्या घरात पहिले वर्ष कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे कळण्यातच जाते. परंतु पुतण्याचे वरिष्ठ तीन वर्षांत तीन वेळा बदलले होते. जागेवर बसूनही त्याचे साक्षीदार निघून गेले होते. शिवाय जानेवारी 2023 च्या एकाच महिन्यात गुगलने बारा हजार व मायक्रोसॉफ्टने दहा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून 'कायमची' ह्या शब्दात फारसा अर्थ उरलेला नाही.

दृष्टांत द्यावयाचे तर ते दोन्ही पक्षांस मिळतात. हैदराबादचे सत्य नाडेला सन मायक्रोसिस्टिम्स सोडून 1992 साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले, ते तेथेच राहिले आणि 2014 साली तिचे प्रमुख झाले. त्याच गावचे शंतनू नारायण अॅपल, सिलिकॉन ग्राफिक्स वगैरे करीत 1998 साली अॅडोबीत आले व 2007 साली प्रमुख झाले. ह्यावरून काय घ्यावे? अशा माणसांवरून आपल्या मुलांचे भविष्य वर्तविणे म्हणजे सोडत लागलेल्याला पाहून तिकीट घेण्यासारखेच.

आम्हांस अधिक बोलका पुरावा वाटतो तो धन्यांच्या वागण्याचा. नोकराच्या हालचालीने नोकराचे काही साधत नसते, तर धन्यांनी ती अडविण्याची खटपट कशाला केली असती? 2010 साली अमेरिकन सरकारने अॅपल, गुगल, इंटेल, अॅडोबी, इंट्युइट आणि पिक्सार ह्या सहा कंपन्यांवर दावा लावला. आरोप हा, की एकमेकींची माणसे आपण होऊन फोडावयाची नाहीत, असे त्यांनी आपापसांत ठरवून टाकले होते. पुढे अभियंत्यांनी लावलेल्या दाव्यात अॅपल, गुगल, इंटेल व अॅडोबी ह्या चौघींनी साडेएकेचाळीस कोटी डॉलर देऊन 2015 साली तडजोड केली. योगायोगाची गोष्ट अशी की, नोकराला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची बंदी करणारा करार निरर्थक ठरविणारे कलम कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 1872 साली आले, आणि आमच्या हिंदुस्थानचा करार कायदा, त्यातील सत्ताविसावे कलम, हाही 1872 चाच. सिलिकॉन व्हॅलीचा जन्मच मुळी घर सोडण्यातून झाला. शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून 1957 साली आठजण उठले व त्यांनी फेअरचाइल्ड काढली. त्यांतलेच नॉइस व मूर 1968 साली फेअरचाइल्डमधून उठले व त्यांनी इंटेल काढली. मात्र हे लोक उठले ते नवे काही करावयास. एका मोठ्या वाड्यातून दुसऱ्या तेवढ्याच वाड्यात, त्याच कामावर, त्याच पायरीवर जाणे ही निराळी गोष्ट आहे.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. धनी बदलावयाचा झाला तर शिलेदार घोड्यावरूनच निघे, आणि बारगिराला पायउतार व्हावे लागे. मोठ्या कंपन्यांत पागा फार सुंदर असते. गुगलच्या आत 'बोर्ग' नावाची व्यवस्था असंख्य यंत्रांवर कामे वाटते, 'ब्लेझ' नावाचे साधन प्रोग्राम बांधून देते. त्यांवर दहा वर्षे मांड ठोकलेल्या स्वारालाही बाहेर ती मिळत नाहीत. बोर्गच्या अनुभवावरून कुबरनेटीज 2014 साली आणि ब्लेझवरून बेझल 2015 साली सर्वांस खुले झाले, तेव्हा आतल्या काही बारगिरांस घरबसल्या स्वतःचे घोडे मिळाले म्हणावयाचे!

आम्ही पुतण्यास सांगितले, "सहा वर्षांत जे शिकलास ते एका कागदावर लिही, आणि जे थोरलीच्या दाराबाहेर चालत नाही त्यावर काट मार." त्याने रात्री कागद पाठविला. निम्म्याहून अधिक ओळींवर काट होती. बिलांची आकडेमोड करणारी एकच यंत्रणा तो सहा वर्षे सांभाळीत होता. धाकटीने देऊ केलेली पायरी तीच होती, वर नव्हे. पण काम विदाकोशाच्या अगदी गाभ्यातले होते, माहिती तबकडीवर कशी लिहावी व यंत्र मध्येच बंद पडले तर ती कशी वाचवावी ह्याचे. असले ज्ञान कोणत्याही पागेत चालते. तरी आम्ही म्हटले, थोरलीतच असल्या कामावर बदली माग. समभागही बुडणार नाहीत, साक्षीदारही राहतील. त्याने मागितली. वार्षिक आढाव्यानंतर पाहू, असे उत्तर आले. गेल्या वर्षीही तेच आले होते.

राहिला प्रश्न घरचा, आणि तो आम्हांस सर्वांत जड गेला. आमच्या वडील बंधूंच्या हृदयावर गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. हैदराबादेहून मुलगा चार-पाच तासांत मोटारीने येऊ शकतो. बंगळुराहून येणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. ह्या एका कारणासाठी 'राहा' म्हणावे, असे आमच्या मनात होते, व तसे आम्ही दादांपाशी बोललोही. दादा हिशेबी मनुष्य. ते म्हणाले, "हैदराबाद जवळ होतं म्हणून तो किती वेळा आला? दिवाळीला आणि माझ्या ऑपरेशनला. जवळ-लांब काढू नकोस. माझ्यामुळे राहिला तर दर वर्षी मला ते दिसत राहील." वहिनी काही बोलल्या नाहीत, त्या आत गेल्या.

पुतण्याने धाकटीस होकार कळविला आहे. नोटिशीचे दोन महिने चालू आहेत. त्यांतला शेवटचा पंधरवडा अणदुरास राहून, घरूनच काम करण्याची परवानगी त्याने मिळविली आहे. वहिनींनी पुढची खोली झाडून घेतली आहे, आणि इंटरनेटचा डबा कोणत्या भिंतीला ठोकावा हे विचारण्यास काल त्या मुद्दाम आमच्याकडे आल्या होत्या.