बसायला जागा

लालबाग, मुंबई

चि. मुक्ता,



नव्या ऑफिसात तुला पहिलंच काम मॉलच्या आराखड्याचं मिळालं, हे वाचून मला आनंद झाला. तुझा बाबा मात्र गप्प झाला. तुझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, तेव्हा त्याचं गप्प होणं मला कळतं. पण तू हे काम सोडू नयेस असं मला वाटतं, म्हणून लिहिते आहे.

लोअर परळची फिनिक्स मिल तुला मॉल म्हणूनच ठाऊक. चिमणी तेवढी उरली. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. पुढे बंद पडलेल्या गिरण्यांसाठी 1991 चा नियम आला : गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001 मध्ये तो बदलला. ज्या जमिनीवर बांधकाम उभं आहे ती वाटणीतून वगळली, फक्त रिकामी तेवढी वाटायची. हायकोर्टाचा निकाल या बदलाच्या विरोधात गेला, पण 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. सुमारे 600 एकरांतून आपल्याला मैदानं मिळायची होती. मिळाले ते तुकडे.

मैदानाच्या जागी मॉल आला असेल, तर मैदानाचं थोडं काम त्याने केलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आपली माणसं राहिली ती बाहेरच्या जागेच्या जोरावर. रात्रपाळीवरून आलेला माणूस दिवसा झोपला की बाकीचे गॅलरीत, ओट्यावर, नाक्यावर, व्यायामशाळेत. तिथे बसायचे पैसे कुणी मागत नसे. 1999 मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा सुरुवातीला आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर तिकीट काढावं लागे. त्या काळी आपल्या चाळीत मोबाइल कुणाकडे होता गं? टीका झाली आणि ती अट गेली. पण आजही मॉलमध्ये फिरताना बघ, काही विकत न घेता टेकायला जागा किती सापडते ते.

आपला लालबागचा राजासुद्धा बाजाराच्या नवसाचा. पेरू चाळीतला बाजार 1932 मध्ये बंद पडला. कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि 1934 मध्ये गणपती बसला. मासळीची पाटी टेकवायला हक्काची चार फूट जागा, एवढ्यासाठी माणसांनी देवाला साकडं घातलं होतं. तुझ्या आराखड्यात अशी पाटी घेऊन आलेल्या बाईला कुठे जागा आहे?

मॉलने आम्हा बायकांना जे दिलं तेही सांगते. दादरला रानडे रोडवर खरेदीला निघताना मी पाणी पीत नसे. माझ्या पिढीच्या कितीतरी बायका असंच करायच्या, कारण बाथरूम कुठे सापडणार? आज कामावरून सुटलेली मुलगी मॉलच्या उजेडात मैत्रिणीशी तासभर बोलत उभी राहते आणि तिला कुणी हटकत नाही. निदान कपडे बरे असले तर. हे थोडं नाही. हे सगळ्यांना मिळायला हवं, भाजीवालीलाही.

आणि चालत येणाऱ्यांचा विचार कर. गिरण्यांच्या जागी ऑफिसं उभी राहिली, माणसं वाढली, पण तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल अरुंदच राहिला. 29 सप्टेंबर 2017 ला त्याच्यावर 23 जणांचा चेंगरून जीव गेला. तुमच्या बैठकीत गाड्या किती लागतील याचा हिशेब होईलच. स्टेशनातून पायी किती माणसं येतील आणि ती कुठून आत शिरतील, हे तू विचार. स्टेशनच्या बाजूला रुंद दार माग, आत पिण्याचं पाणी माग, पाठ टेकता येईल असे बाक माग.

साहेब नाही म्हणाले तर सगळ्यासाठी एकदम भांडू नकोस. तळमजल्यावरचे बाक तेवढे धरून ठेव, आणि काय ठरलं ते मला लगेच कळव.

तुझी,
आत्या