माथेरानचा शेजार

उन्हाळ्याच्या सुटींत थंड हवेच्या ठिकाणीं जावयाचें म्हणजे सारा बंगला आपल्याच कुटुंबाकडे असावा, असा माझा नेहमींचा हट्ट. दहा-बारा माणसांच्या घरांत वर्षभर वागल्यावर सुटींत आणखी परक्यांची सोबत कशाला? परंतु यंदा मे महिन्यांत माथेरानला एका जुन्या बंगल्याच्या सात खोल्यांपैकीं तीनच आमच्या वांट्यास आल्या. उरलेल्या चारांत सुरतेचें एक नऊ माणसांचें कुटुंब व मुंबईच्या एक वृद्ध पारशी बाई अगोदरच येऊन उतरल्या होत्या. ओटी सर्वांना मिळून एक, अंगण एक, आणि न्हाणीघरें दोनच! मी दारांतच कपाळास आठ्या घातल्या, हें कबूल केलें पाहिजे.

माथेरानची वाट वाचकांपैकीं पुष्कळांच्या पायांखालची असेल. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या नजरेस ही जागा पडली. १९०७ सालीं आदमजी पीरभाई यांच्या घराण्यानें नेरळहून दोन फुटी रुळांची आगगाडी वर नेली. २००५ च्या अतिवृष्टींत तो मार्ग जागजागीं वाहून गेला व २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. दस्तुरी नाक्यापलीकडे खासगी मोटारींस मज्जाव असल्यानें धुराचा त्रास नाहीं. तांबडी माती मात्र कोणासच सोडीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सुरतकरांचीं मुलें कोणतीं व आमचीं कोणतीं, हें कपड्यांवरून तरी ओळखतां येईनासें झालें.

खरी ओळख झाली ती बंबापाशीं. मागील अंगणांत तांब्याचा एकच मोठा बंब होता. माळी पहाटे पांचला तो पेटवी, आणि बादल्यांची रांग लागे. रांगेंत कोण किती वेळ मौन धरणार? तिसऱ्या दिवशीं सुरतकरांचे ठेपले आमच्या पानांत व आमचें मेतकूट त्यांच्या ताटांत गेलें. माकडांनीं लाडवांची पिशवी पळविली तेव्हां तर दोन्ही बिऱ्हाडें काठ्या घेऊन एकदमच धावलीं. पिशवी अर्थात् मिळाली नाहीं.

माझें लक्ष मात्र सारखें काकूंकडे होतें. काकांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच प्रवास. घरांत आम्हीं सर्वांनीं न बोलतां एक नेम केला होता: काकूंसमोर काकांचें नांव काढावयाचें नाहीं. कोणी चुकून काढलेंच, तर दुसऱ्यानें विषय बदलावयाचा. काकूही तो नेम पाळीत, आणि दिवसेंदिवस अधिकच गप्प होत चालल्या होत्या. माथेरानला येऊनही त्या खोलींतच बसून असत.

पांचव्या दिवशीं बंबाच्या रांगेंत पारशी बाईंनीं त्यांना सरळच विचारलें, "बेन, तुमचे मिस्टर सोबत नाय आले?"

माझ्या हातांतला तांब्या हातांतच राहिला. मी घाईघाईनें म्हटलें, "काकू, पाणी निवतंय हं." काकूंनीं माझ्याकडे पाहिलेंही नाहीं.

"नाहीं आले. भाद्रपदांत गेले," त्या म्हणाल्या.

"काय झाला होता?" बाईंचा दुसरा प्रश्न.

आणि काकू सांगूं लागल्या. आजार, इस्पितळ, शेवटची रात्र. एवढेंच नव्हे, तर काकांचा अडकित्ता, त्यांचें पहाटेचें गुणगुणणें, आणि लग्नांतला त्यांचा एक रुसवा, जो आमच्यापैकीं कोणालाच ठाऊक नव्हता. पाणी खरोखरच निवलें. बाईंनीं समजूत घातली नाहीं कीं उसासा टाकला नाहीं. त्या मधून मधून आणखी कांहीं विचारीत तेवढ्या होत्या.

मला बरें वाटावयास हवें होतें. वाटलें तें वाईट. इतका साधा प्रश्न आमच्या भरल्या घरांत एकालाही विचारतां आला नव्हता! काकूंना त्रास नको म्हणून आम्ही गप्प बसतों, असें आम्ही म्हणत होतों. खरें पाहतां, ऐकण्याचें धैर्य आम्हांलाच नव्हतें.

दुसऱ्या दिवसापासून दोघी पहाटेच शार्लोट तलावाकडे जाऊं लागल्या. तलावाजवळ पिसरनाथाचें देऊळ आहे. काकू दर्शन घेऊन येईपर्यंत बाई बाहेर थांबत, आणि परततांना दोघी ओंजळभर जांभळें घेऊन येत. काय बोलत, तें मीं विचारलें नाहीं.

परतीच्या दिवशीं गाडी उतरणीस लागली, आणि नागमोडी वळणांनीं मुलांचे चेहरे उतरले. काकूंनीं पिशवींतून आवळासुपारी काढून सर्वांना वांटली व एकाएकीं म्हणाल्या, "तुमचे काका असते ना, तर नेरळ येईपर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसले असते!"

आम्हीं क्षणभर एकमेकांकडे पाहिलें. जुन्या संवयीनें मी कांहीं बोलणार, तोंच धाकट्यानें विचारलें, "आजोबा इतके भित्रे होते?"

"भित्रे? ऐक तर," म्हणून काकूंनीं पिशवी बाजूला ठेवली.