पुढचा शाफ्ट

जीप मी पहिल्यांदा जवळून बघितली ती ७२ च्या दुष्काळात. आमच्या कन्नड तालुक्यात, पिशोरच्या अलीकडं, रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. माय आणि आण्णा खडी फोडायला जायचे. मी बारा वर्षांचा, थोरला दादा सोळाचा. आम्ही घमेली वाहायचो. दुपारी सुकडी मिळायची, तिच्यासाठीच खरं तर आम्ही जायचो.

एक दिवस साहेबांची जीप आली. रस्ता झालेला नव्हता, नुसते दगड अंथरलेले. ती सरळ नांगरटीत उतरली आणि नाल्याची दरड चढून आमच्यापुढं उभी राहिली. बाया हातोडे खाली ठेवून बघत राहिल्या. ड्रायव्हरनं आम्हा पोरांना एक दांडा दाखवला. म्हणला, "ह्यो वढला की पुढची चाकंबी वढत्यात. चार बैलांचं औत हाये हे." दादा घरी येईस्तोवर तेवढंच बोलत होता. आपल्याकडं तेव्हा एक बैल होता, तोही छावणीत.

सत्तावीस वर्षांनी, १९९९ ला, आम्ही जीप घेतली. कपाशी बरी झाली होती. एका ठेकेदाराची १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०, ऐंशी हजारांत. या गाडीचं मूळ घराणं अमेरिकेतल्या विलीज जीपचं. दुसऱ्या महायुद्धात लढलेली ती गाडी महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतली. कंपनीचं नाव १९४५ ला महिंद्रा अँड मोहम्मद होतं. मोहम्मद फाळणीत पाकिस्तानात गेले आणि १९४८ ला महिंद्रा अँड महिंद्रा झालं. पुढं आमच्या जीपसारख्या गाड्यांत प्युजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं डिझेल इंजिन आलं. म्हणून या गाडीला दोन जातीचे पाने लागतात. इंजिनला मिलिमीटरचे, खालच्या अंगाला बहुतेक इंचाचे. आमच्याकडं दोन सुना दोन गावच्या, तसं हे.

त्या जीपनं काय नाही केलं! खत आणलं, मोंढ्यावर माल नेला, नवरदेव नेले, शाळेची पोरं नेली, मतदार नेले. पण डिझेल लई खायची. २००१ च्या आसपास कुणीतरी डोक्यात भरवलं, की पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून टाक, लिटरमागं दोन किलोमीटर जास्त देईल. रोज थोडंच फोर व्हील लागतं? मला पटलं. एका दुपारी मी गाडीखाली शिरलो, दोन्ही टोकांचे नट खोलले आणि शाफ्ट बाहेर ओढला. गोठ्यात तुळईच्या खुंटीला तो टांगून ठेवला.

आण्णा बाजेवर बसून बघत होते. म्हणले, "कंपनीनं काय फुकट लावलं व्हतं का रे ते?"

मी हसलो. दहावी शिकलेला माणूस मी, १९७६ ची दहावी, मला आण्णा काय सांगणार.

डिझेल काही वाचलं नाही. का नाही, ते पुढं कळलं. शाफ्ट काढला तरी पुढची चाकं रस्त्यावर फिरतात, त्यांच्याबरोबर आतले एक्सल फिरतात, डिफरन्शियल फिरतं. शाफ्टाचं स्वतःचं वजन तेवढं कमी झालं. पण परत बसवायचा तर आज करू, उद्या करू. पाच वर्षं तो खुंटीलाच राहिला.

२००६ चा पावसाळा आमच्या भागातल्या लोकांच्या ध्यानात असेल. त्याच ऑगस्टात नाथसागराचे दरवाजे उघडले आणि पैठणमध्ये पाणी शिरलं. आमच्याकडंही पाऊस उघडीप देत नव्हता. पोळा तोंडावर आलेला. रात्री नवाच्या सुमाराला दादा अद्रकीत चर काढायला गेला. अद्रकीला पाणी तुंबलेलं चालत नाही, दोन दिवसांत गड्डा सडतो. तिथं त्याला उजव्या पायाला घोणस चावली.

मी त्याला जीपमध्ये घातलं. पायाला आम्ही करकचून दोरी बांधली होती. तशी बांधू नये, हे नंतर समजलं. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती. डांबरी रस्ता तीन किलोमीटरवर आणि मध्ये ओढा. पाणी गुडघाभरच होतं, ते ओलांडलं. पण पलीकडच्या चढाला काळी माती लोण्यासारखी झाली होती. मागचं उजवं चाक जागेवर फिरायला लागलं. डिफरन्शियलचं असंच असतं, ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं, दुसरं नुसतं उभं. मी सवयीनं फोर व्हीलचा दांडा ओढला. दांडा नीट पडला. खट्ट असा आवाजसुद्धा आला. पण त्याच्या पुढं काही नव्हतंच.

गाडी पोटावर बसली. मी परत दांडा मागं घेतला, परत ओढला. दादा शेजारी बसला होता. तो खुंटी रोज बघायचा, वैरण तोच टाकायचा. तो एवढंच म्हणला, "बैलं आण."

बैल आणले, गाडी जुंपली, दादाला त्यात निजवलं, डांबरीवर आलो. तिथं बऱ्याच वेळानं मिरचीचा टेम्पो भेटला. घाटीत पोचलो तेव्हा फटफटलं होतं. घाटीतल्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं. पण पाय सडत गेला, दोन बोटं काढावी लागली आणि एकोणीस दिवसांनी आम्ही घरी आलो. तेव्हापासून दादा लंगडतो. नांगर त्यानं परत धरला नाही.

दोरीनं झालं, की उशिरानं झालं, की विषच तेवढं होतं, मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. दादानंही त्या रात्रीचा विषय कधी काढला नाही. आण्णा २००९ ला गेले, त्यांनीही काढला नाही. घरात कुणी एक शब्द बोललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

नंतर मोटारसायकली आल्या, पिकअप आली. जीप लिंबाखाली उभी राहिली. सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. २०२१ ला सरकारनं जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण आणलं, तसा माझा पोरगा म्हणला, "आबा, काढून टाकू." भंगारवाला आला, फिरून बघितलं, पस्तीस हजार म्हणला. मी दादाकडं बघितलं. तो ओट्यावर तंबाखू मळत होता.

"इकायची तर इक," दादा म्हणला. "पण गोठ्यातलं ते लोखंड आधी काढ. वीस वर्षं झाली, उठता-बसता डोळ्यापुढं येतं."

मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

दिवाळीनंतर काम काढलं. शहरातल्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, गाडीखाली शिरणं आता जमत नाही. चाचा खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे, मी खाली निजून करायचो. दादा शेजारी दगडावर बसून पाने द्यायचा. चाचांनी गाडीखाली बॅटरी मारली आणि पहिलाच प्रश्न, "आगे का शाफ्ट कायकू निकाला जी?" मी गप्प. दादाच म्हणला, "डिझेल वाचवाया."

इंजिन धरून बसलं होतं. नोझल काढून चारी सिलेंडरांत डिझेल आणि ऑईल ओतलं. चार दिवस मुरू दिलं. पाचव्या दिवशी टॉमी लावून थोडं पुढं, थोडं मागं करता करता इंजिन सुटलं. जोर लावू नका, हे चाचांचं सारखं चाललेलं. जोरानं रिंगा तुटतात. पंप आणि नोझल संभाजीनगरला नेऊन तपासून आणले. डिझेलच्या टाकीत गंज होता. तिच्यात बारीक खडी आणि साखळी घालून दोघांनी मिळून तासभर हलवली, मग धुतली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते पोरानं सगळं नवं ओढलं. ब्रेकचे चारी सिलेंडर जाम. पुढच्या डिफरन्शियलचं ऑईल उघडलं तर दुधाळ पांढरं निघालं. २००६ चं ओढ्याचं पाणी असावं. ते धुऊन नव्वद नंबरचं ऑईल भरलं.

शाफ्ट सगळ्यात शेवटी. खुंटीवरून मी उतरवला तेव्हा दादा बघत होता. क्रॉस गंजून जाम झालेले, सुया चूर झालेल्या. दोन्ही क्रॉस नवे टाकले. बसवताना मी चुकलो. शाफ्ट मधून सरकता असतो, तो वेगळा करून जोडताना दात इकडचे तिकडं बसले. फोर व्हील टाकून शेतात चालवली तर जमिनीपासून थरथर. चाचा म्हणले, "दोनो कान एक लाइन में होना. खोल."

परत खोललं. त्या वेळी खाली निजलेलो असताना मला बोलणं सोपं वाटलं. माणसाचं तोंड दिसत नाही, नुसते पाय दिसतात. दादाचा उजवा पाय माझ्या डोक्याजवळच होता. मी म्हणलं, "दादा, त्या रात्री हा जागेवर असता तर..."

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणला, "अर्धा इंची देऊ का नऊ-सोळाचा?"

"नऊ-सोळाचा," मी म्हणलं. त्यानं पाना दिला. आणि मग म्हणला, "दोरी म्याच बांध म्हणलं व्हतं ना तुला?"

पोराला मोठे टायर, टपावर दिवे आणि काय काय लावायचं होतं. मोबाईलवर फोटो दाखवायचा. पण गाडीच्या मूळ बनावटीत आपल्या मनानं बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही २०१९ ला तेच सांगितलं आहे. आणि मला त्याची हौसही नव्हती. आधीच एकदा कंपनीपेक्षा शहाणपणा करून झाला होता. मी फक्त एक केलं. मोडक्या कुळवाची पास कापून, धार घासून, डाव्या बाजूला पायरी केली आणि वर धरायला एक कडी. दादाला आता पाय उचलून चढता येत नाही म्हणून.

नोंदणीचं नूतनीकरण करायला गेलो तर १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झालेले. वर पर्यावरण कर. पोरगा म्हणला, एवढ्यात काय काय आलं असतं. आलं असतं. त्यानं म्हणलं आणि भरले.

मृगाचा पाऊस पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच म्हणला, "चल, वढ्याकडं." ओढ्यावर आता नळ्यांचा पूल झालाय, पण बाजूची जुनी वाट आहे. मी तिथं उतरवली. पाणी ओलांडलं. चढाला माती तशीच. मागचं चाक घसरायला लागलं. चाचांनी बजावलं होतं, कोरड्या डांबरीवर फोर व्हील टाकायचं नाही, शाफ्टावर पीळ चढतो, चिखलातच टाकायचं. मी थांबलो, दांडा ओढला, मग लो टाकला. हात थरथरत होता, वयानं म्हणा.

पुढची चाकं लागली. गाडी मुंगीच्या पावलानं चढली, एक झटका नाही. वर आल्यावर मी इंजिन चालू ठेवून थांबलो. दादा मागं वळून चाकोऱ्या बघत होता.

"चार बैलं," तो म्हणला. मग पुढं बघून म्हणला, "हळू घे, कडंनं अद्रक लावलीय."

गोठ्यातल्या त्या खुंटीला आता दादानं कासरे अडकवलेत.