भूमीला हात लावलेला बुद्ध

बुद्धमूर्तीसमोर अगरबत्ती लावणारी एखादी आजी दिसली की आपल्या तरुण कार्यकर्त्यांचं डोकं तापतं. "बुद्ध काय देव आहे का?" असा सवाल तिथल्या तिथे केला जातो. आम्हीही तो करत आलो. समाजशास्त्रात एम.ए. झालेलं, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. मग दुसऱ्याची चूक काढायला वेळ तो काय लागणार?

धुळ्यातल्या एका वस्तीच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. समोरची मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेतली. डावा हात मांडीवर, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली. माराने आव्हान दिलं तेव्हा सिद्धार्थाने धरतीला साक्षी ठेवलं, हा परंपरेतला अर्थ आम्ही सांगत होतो. पुढे बसलेल्या एक आजी मध्येच अहिराणीत म्हणाल्या, "जमीनले हात लायेल शे त्यानी. हाई जमीन आपलीबी शे, आसं सांगी ऱ्हायना."

पोरं हसली. आम्ही म्हणालो, "तसं नाही आजी, मुद्रेचा अर्थ ठरलेला असतो." आजी गप्प झाल्या. पुढच्या दोन पौर्णिमांना त्या विहारात दिसल्या नाहीत.

शेवटी आम्हीच घरी गेलो. भिंतीवर लळिंगच्या लांडोर बंगल्याच्या ३१ जुलैच्या मेळ्यातून आणलेली बाबासाहेबांची तसबीर, शेजारी उघड्या डोळ्यांचा बुद्ध. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात आजींचे वडील तुरुंगात गेले होते. गावाने हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यापलीकडे ज्यांना जमीन लागू दिली नाही, त्यांच्या घरातली ही मुलगी. मूर्तीचा तो हात तिने वडिलांच्या तोंडून समजून घेतला होता. आणि आम्ही तिला मुद्राशास्त्र शिकवत होतो!

आमचा 'ठरलेला' अर्थ तरी कुठला? धरती साक्ष द्यायला उभी राहिली, हीसुद्धा कथाच ना? ती पुस्तकात छापली म्हणून विद्वत्ता, आणि आजीची ती अंधश्रद्धा, हा न्याय नेमका कोणाचा?

काही मित्र म्हणतील, मूर्तीच नको. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकाच्या जुन्या चैत्यगृहांत पूजेला स्तूपच आहे, कोरीव बुद्ध नाही, हे खरं. म्हणजे मूर्तीवाचूनही धम्म चालला. पण २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना खुद्द बाबासाहेबांनी केली, हेही तितकंच खरं. डोळे मिटलेला बुद्ध मात्र त्यांना पटत नव्हता. जगाचं दुःख उघड्या डोळ्यांनी पाहणारा बुद्ध त्यांना हवा होता, आणि तसं चित्र त्यांनी स्वतः काढलं. म्हणजे मूर्तीला अर्थ देण्याचं काम त्यांनीही केलं. वाद अर्थ कोणता, याचा आहे.

त्याच कसोटीवर जळगावच्या नव्या कॉलन्यांमधली आपली घरं बघा. गृहप्रवेशाला लाफिंग बुद्धा भेट येतो. पोट सुटलेला, पाठीवर पोतं. पैसा यावा म्हणून तो दाराकडे तोंड करून ठेवायचा म्हणे. हा गौतम बुद्ध नव्हेच. चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्खूची ती प्रतिमा. आपले नोकरदार बांधव तो शोकेसमध्ये ठेवतात आणि आजीच्या अगरबत्तीला नावं ठेवतात. आजीचा बुद्ध सातबारावर हक्क सांगायला लावतो, शोकेसमधला बुद्ध बसल्या जागी लॉटरीची वाट पाहायला लावतो. एक आम्हाला चालेल, दुसरा नाही. अगरबत्तीबद्दल आजींशी आमचे आजही मतभेद आहेत. त्या म्हणतात, वास चांगला येतो म्हणून लावते. यावर काय बोलणार?

मागच्या हिवाळ्यात वस्तीतल्या बायकांना घेऊन जळगावमार्गे अजिंठ्याला गेलो. आजीही आल्या. २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं ते भलंमोठं शिल्प आहे. कुणीतरी पर्यटक पोराला सांगत होता, "बघ, झोपलेला बुद्ध." आजी शिल्पाच्या खालच्या बाजूला शोक करणाऱ्या शिष्यांच्या रांगेकडे बघत होत्या.

"झोपेल नही शे," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून सांगू लागल्या. बाबासाहेब गेले तेव्हा त्यांचे वडील दादरला जाऊन आले होते. चैत्यभूमीच्या जागी माणसं कशी बसली होती, कोण कसं रडत होतं, हे त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. आजी त्या शिल्पातला एकेक माणूस बोटाने दाखवत होत्या. हा गप्प बसलेला, हा डोक्याला हात लावलेला.

त्याच भिंतीवर जवळच मारविजयाचं शिल्प आहे. माराची सगळी फौज चालून आलेली, मध्ये बुद्ध, हात जमिनीकडे. या वेळी आम्ही काही सांगितलं नाही. आजींनीच सोबतच्या पोरींना सांगितलं, आणि कोणी हसलं नाही.

येत्या वैशाखी पौर्णिमेला विहारात मूर्तींबद्दल आजी बोलणार आहेत. आम्हाला सतरंज्या टाकायचं आणि माइक लावायचं काम दिलं आहे.