रोज मरे त्याला कोण रडे : धोक्याच्या इशाऱ्यांचा इतिहास

१/ संगणकांच्या जाळ्यावर रात्रंदिवस नजर ठेवणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते : नकोसा अलर्ट गप्प करण्याची. ती वापरणारा माणूस बहुधा आळशी नसतो, थकलेला असतो. त्याच्या थकव्याचा इतिहास मात्र सर्व्हरच्या खोलीत सुरू होत नाही. तो सुरू होतो एका अणुवीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षात.

२/ २८ मार्च १९७९, पहाटे चारचा सुमार. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड केंद्रात दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप पुन्हा मिटलीच नाही. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी सुरू झाले. त्या गदारोळात झडपेचा दिवा मात्र विझलेला होता, कारण झडप मिटण्याचा आदेश गेला की तो विझे. झडप खरोखर मिटली की नाही, हे त्याला ठाऊकच नसे.

३/ झडपेतून पाणी निघून जात होते आणि कर्मचारी ते जास्त झाल्याच्या समजुतीने आत येणारे पाणी कमी करत होते. अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने एक उणीव नेमकी टिपली : बिनमहत्त्वाचे इशारे दाबून महत्त्वाचे वेगळे काढण्याची सोयच तेथे नव्हती. इशारे गप्प करण्याची विद्या अशी गरजेतून जन्मली.

४/ १५ वर्षांनी तोच धडा वेल्समध्ये गिरवावा लागला. २४ जुलै १९९४, रविवार. मिलफर्ड हेवन येथील टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची घडी सकाळच्या विजांच्या वादळाने विस्कटली. दुपारी स्फोट झाला, २६ जण जखमी झाले. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे आले होते, म्हणजे सरासरी अडीच सेकंदाला एक.

५/ चौकशीत आणखी एक आकडा पुढे आला. यंत्रणेत नोंदवलेल्या २,०४० इशाऱ्यांपैकी ८७ टक्के ‘उच्च प्राधान्या’चे होते. प्रत्येक इशारा जोडणाऱ्याला आपला इशारा महत्त्वाचा वाटला असणार. ऐकणाऱ्याचे कान किती, याचा हिशेब कोणी केला नाही.

६/ तो हिशेब पुढे मांडला गेला. ब्रिटनमधील ‘ईमुआ’ या अभियांत्रिकी संघटनेने १९९९ मध्ये इशाऱ्यांविषयी १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा सोपा आहे : ज्यावर माणसाला काही करायचे नाही, तो इशाराच नव्हे. आणि सुरळीत कामकाजात दर दहा मिनिटांना सरासरी एकाहून अधिक इशारे येऊ नयेत.

७/ मग शांतता म्हणजे सुरक्षितता का? १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायो राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमारास इशारे देणारे सॉफ्टवेअरच बंद पडले. ते बंद पडल्याचे सांगणारे काहीच नव्हते. पुढे तासाभराहून अधिक काळ उच्चदाबाच्या वाहिन्या झाडांना टेकून एकेक करून बंद पडत गेल्या आणि पडदे शांत राहिले. सायंकाळपर्यंत अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते.

८/ २०१३ च्या नोव्हेंबरअखेर टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीत घुसलेल्या घातक प्रोग्रॅमची चाहूल सुरक्षा सॉफ्टवेअरला लागली. वृत्तांनुसार बंगळुरूच्या चमूने तो इशारा मिनिॲपोलिसला कळवला. तेथे तो तातडीच्या पाठपुराव्याइतका गंभीर ठरला नाही. असे इशारे तेथे रोजच येत. सुमारे चार कोटी कार्डांचा तपशील चोरीस गेला.

९/ आजचे जाणते अभियंते या चारही प्रसंगांची शिकवण सेटिंगमध्ये उतरवतात. डिस्क क्षणभर ९० टक्क्यांवर गेली म्हणून कोणाला झोपेतून उठवायचे नाही. ती काही मिनिटे तेथेच राहिली, तर उठवायचे. एक स्विच बंद पडून त्यामागचे चाळीस सर्व्हर दिसेनासे झाले, तर इशारा एकच, स्विचचा. दुरुस्तीच्या काळात इशारे गप्प ठेवायचे, पण ठरलेल्या वेळेला ते आपोआप जागे व्हायला हवेत.

१०/ गप्प केलेल्या प्रत्येक इशाऱ्यापुढे तीन नोंदी हव्यात : कोणी, का आणि कधीपर्यंत. त्या नसल्या, की सुक्याबरोबर ओलेही जळते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कोणाची तरी ‘तात्पुरती’ शांतता तशीच राहते आणि खरा बिघाड तिच्याखाली दडतो.

११/ नजर ठेवणाऱ्यावरही नजर हवी. रात्रीचा पहारेकरी तासाला टोला देतो, तो चोरांसाठी नव्हे. आपण जागे आहोत हे कळवण्यासाठी. टोला चुकला, की घरातल्यांनी उठायचे. देखरेखीचे सॉफ्टवेअरही तसाच ठरावीक वेळाने ‘जिवंत आहे’ असा संदेश पाठवते आणि तो न आल्यास दुसरीच यंत्रणा हाक मारते. ओहायोच्या त्या दुपारी एवढाच एक टोला हवा होता.

१२/ ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. मिलफर्ड हेवनचे २७५ इशारे खोटे नव्हते. ते फक्त दोन माणसांच्या ऐकण्याच्या पलीकडचे होते. म्हणून इशारा गप्प करणे ही एका माणसाने दुसऱ्याच्या वतीने घेतलेली जबाबदारी आहे. त्या रात्री पाळीवर कोणीतरी वेगळाच असतो, आणि त्याला काय ऐकू येणार, हे आधीच ठरलेले असते.